गालिच्यातला बॉयलर

दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा माझा जन्माचा नियम आहे! सुना, नाती, शेजारणी, कुणालाही विचारा. पातेलं दिलं, पातेलं विसरले. छत्री दिली, भिजत घरी आले. आमच्या घरावर दिलेलं परत मागायची पाळी आली ती एकदाच, आणि तेव्हाही मागायला मी गेले नव्हते, यांना पाठवलं होतं. म्हणजे नियम यांचा मोडला, माझा नाही.

तेव्हा मी घरात नवीन होते. माहेर टपाल कचेरीतल्या कारकुनाचं. सोनं फक्त आईच्या कानात, आणि बाकी सगळीकडे स्वच्छता! सासर सोनाराचं. 'सोनार' म्हटलं की लोकांना झुंबरं आणि मखमल आठवते. आमचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. पुढे दुकान, मागे कामाची खोली आणि वरच्या मजल्यावर आम्ही. धंदा कानातल्यांचा, अंगठ्यांचा आणि मुख्यतः तुटलेल्या साखळ्या जोडायचा.

घरात माणसं मोजकीच. आमचे हे, सासूबाई, मी आणि दिवसभरापुरते आमचे कारागीर दाढीमामा. दाढीमामांची दाढी एवढी मोठी होती, की आधी दाढी आत यायची आणि मग मामा. हे मात्र बोलायला भारी चिकट. यांच्याजवळ शब्द होते तीन: 'हं', 'बघू' आणि 'होईल'. तेही तोळ्यावर मोजून दिल्यासारखे!

आणि नियम किती! कामाच्या खोलीतून बाहेर येताना पत्र्याच्या परातीत पाय झटकायचे. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं. केर मऊ ब्रशने गोळा करून डब्यात भरायचा. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी दाढीमामा कागद पसरून त्यावर दाढी विंचरायचे! पहिल्या दिवशी ते पाहून मी धावत वर गेले.

"आई, मामांना काही झालंय का?"

"सोन्याचा कीस उडतो गं. दाढीत बसतो," सासूबाई म्हणाल्या. "रोज कानस चालते. उडालेलं सोनं काय असं सोडून द्यायचं?"

एवढं मला पटलं. पटलं नाही ते गालिच्याचं.

कामाच्या खोलीत दाढीमामांच्या बैठकीखाली एक जाड लोकरी गालिचा होता. एके काळी तो लाल होता म्हणे. मी पाहिला तेव्हा त्याचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा झाला होता आणि वास जळकट, तेलकट आणि थोडासा दाढीमामांसारखा.

"या गालिच्याला झाडू लावायचा नाही, पाणी लावायचं नाही, उचलायचा नाही," सासूबाईंनी बजावलं.

"का हो, आई?"

"नाही म्हणजे नाही."

त्या घरात नियम सांगायचे, कारण सांगायची पद्धत नव्हती. आणि मला कारणाशिवाय नियम सांगितला, की माझे हात शिवशिवतात. मी मनात म्हटलं, आळस दुसरं काय! इतकी वर्षं धुतला नाही, आता धुवायची लाज वाटतेय!

त्याच सुमारास वृद्धाश्रमाच्या बाई दुकानात आल्या. आश्रम आमच्याच रस्त्याच्या टोकाला. तिथला पाणी तापवायचा बॉयलर कायमचा बिघडला होता. डुगडुगत्या खुर्चीवर बसून बाईंनी सांगितलं, "थंडी तोंडावर आलीये. आमच्या आज्या गार पाण्याने अंग धुतात आणि दिवसभर कुडकुडतात. तुमच्याकडून काही झालं तर..."

हे डोळ्यावरचं भिंग वर करून म्हणाले, "होईल."

बाईंना वाटलं, यांना प्रश्न कळला नाही. "नवा बॉयलर म्हणत्ये मी."

"हं. थंडीच्या आधी होईल."

एवढं लांब वाक्य यांनी मला मागणी घालतानाही उच्चारलं नव्हतं! बाई आशीर्वाद देत गेल्या. मी मात्र मनात हिशेब करू लागले. बॉयलर! आमच्या घरातला पंखा फिरताना रडायचा, तो बदलायला सवड नव्हती, आणि हे बॉयलर द्यायला निघाले होते!

"अहो, कुठून देणार?" मी रात्री विचारलं.

"बघू."

थंडी एकेक पाऊल टाकत जवळ येत होती. बाई दुकानावरून जाताना हळूच आत डोकावायच्या. त्यांना पाहिलं, की मी पडद्याआड. हे आपले शांतपणे फुंकणी फुंकत बसलेले. मला खात्री पटली, की यांनी भिडेपोटी शब्द देऊन टाकला आहे आणि आता विसरले आहेत. शेवटी मी ठरवलं, की घराण्याची अब्रू मीच वाचवणार! बॉयलर नाही, तर निदान काहीतरी ऊबदार द्यायचं. आश्रमाच्या दिवाणखान्यात नुसती फरशी होती. आज्यांचे पाय गार पडायचे.

ऊबदार काय द्यावं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एके सकाळी हे आणि दाढीमामा कामासाठी परगावी गेले. 'काम आहे' एवढंच सांगून गेले. सासूबाई गुडघ्याला शेक देत वर पडल्या होत्या. मी साठवलेल्या पैशांतून बाजारातला एक नवा, निळा, गुबगुबीत गालिचा मागवला. म्हणजे दाढीमामांची गैरसोय व्हायला नको! बघा, मी किती विचार केला होता! जुना गालिचा फरफटत मागच्या गॅलरीत आणला आणि मोठ्या टबात घातला. दान द्यायचं ते स्वच्छ, ही माझ्या माहेरची शिकवण.

काय सांगू! असं पाणी मी आयुष्यात पाहिलं नाही. चहासारखं, मग कॉफीसारखं, मग शाईसारखं! मी साबण लावला, पदर खोचून नाचले, घासलं, पिळलं, पुन्हा पाणी बदललं. पण सासूबाईंचा आणखी एक नियम होता: धुण्याचं पाणी मोरीत टाकायचं नाही, कुंड्यांना घालायचं. हा नियम मला कारणासकट पटला होता. मी एकेक बादली त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांत ओतली. गुलाब, मोगरा, जास्वंद, सगळे साबणाच्या फेसाने माखले आणि लाजून माना खाली घालून उभे राहिले.

दुपारच्या उन्हात गालिचा वाळला. आणि काय आश्चर्य, खरोखरच लाल निघाला! हातगाडीवाल्याला बोलावून मी तो आश्रमात पोचता केला. तिथे आज्यांनी चपला काढून त्यावर पाय ठेवले आणि एकदम सगळ्यांनी "आहाहा" म्हटलं. माझे डोळेच भरून आले. आश्रमात एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. काठीएवढे ताठ, आवाज घंटेसारखा. त्यांनी गालिच्याभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "आजपासून या गालिच्याची जबाबदारी माझी!"

इथवर सगळं छान होतं.

संध्याकाळी आश्रमाच्या बाई आभार मानायला आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंचं मन किती मोठं! गालिचा दिला हो!"

सासूबाईंनी सकाळी नवा निळा गालिचा दुकानात येताना वरून पाहिला होता. त्यांना वाटलं, तोच दिला. बाई गेल्यावर त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जसं मी त्यांच्या ताटातलं वाढून घेतलं होतं.

"छान केलंस हो. घरात येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर गावभर नाव झालं! आम्ही इतकी वर्षं इथे नुसते बसलो होतो वाटतं?"

"तसं नाही, आई..."

"मलाही देता येतं म्हटलं!"

आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी त्याच हातगाडीवाल्याला हाक मारली आणि आपल्या सगळ्या कुंड्या आश्रमाला देऊन टाकल्या! साबणाने झाडांनी माना टाकल्या होत्याच. "तिथे ऊन चांगलं मिळेल," असं म्हणाल्या. पण ते राहू दे, आता त्या नाहीत बिचाऱ्या. त्यांच्या दानाला मी कोमेजलेलं म्हणणार नाही.

दुपारी हे आणि दाढीमामा परतले. यांचा चेहरा चक्क हसरा होता! हे कामाच्या खोलीत गेले. मी दारात उभी, आता कौतुक होणार म्हणून पदर सारखा करत.

"गालिचा?" हे म्हणाले.

"नवा आहे! कसा वाटतो?"

"जुना?"

"दिला! आश्रमाला. धुऊन दिला!"

हे खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर! दाढीमामांनी दोन्ही हातांनी दाढी घट्ट धरली, जसं जहाज बुडताना दोर धरतात.

"वहिनी," दाढीमामा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धुऊन?"

"साबण लावून!"

मग यांनी तोंड उघडलं आणि लग्नानंतर प्रथमच एका दमात मला वाक्यामागून वाक्य ऐकवलं. गालिच्यात वर्षानुवर्षं सोन्याचा कीस मुरत असतो. म्हणून तो झाडायचा नाही. पुरेसा मुरला, की गालिचा जाळायचा आणि राख भट्टीत वितळवून सोनं काढायचं. यांच्या वडिलांनी एकदा जाळला होता, त्यातून दुकानाचं छप्पर झालं. या वेळच्या गालिच्यातून आश्रमाचा बॉयलर व्हायचा होता! परगावी हे भट्टीवाल्याला बोलवायलाच गेले होते. उद्या तो येणार होता!

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी रडत ओरडले.

हे विचारात पडले. "तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं! 'बघू' म्हणालात!"

"हं," हे म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. प्रकार कळताच त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि ते पाणी? धुतल्याचं पाणी कुठे ओतलंस?"

मला एकदम हुरूप आला. "कुंड्यांत, आई! तुमच्या नियमाप्रमाणे!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फक्त सासूबाईंनी सोडला नाही. त्या हळूहळू पायरीवर टेकल्या.

"कुंड्या," त्या म्हणाल्या, "मी आज सकाळी देऊन टाकल्या."

म्हणजे आश्रमाकडे आश्रमाचा बॉयलर पोचला होता. अर्धा फरशीवर पसरलेला, अर्धा कुंड्यांत भरलेला, आणि आज्या अजून गार पाण्यानेच अंग धूत होत्या!

"जा, मागून आणा," सासूबाई यांना म्हणाल्या. "पण सोन्याचं बोलू नका. नाहीतर लोक झटकून झटकून बघतील आणि उरलंसुरलंही उडेल."

आता ज्या माणसाला कारण सांगूनही नीट बोलता येत नाही, त्याने कारण न सांगता कसं बोलायचं? हे आश्रमात गेले. पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. हे दिवाणखान्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गालिचा हवा होता. परत."

पाय पसरून बसलेल्या आज्यांनी पाय आखडून घेतले.

"आणि कुंड्या," हे म्हणाले. "मातीसकट."

हेडमास्तर उठले. "दिलेलं परत मागता? वर्गात मुलांनी पेन्सिल देऊन परत मागितली, तरी मी बाकावर उभं करायचो! आणि माती? ती मी सकाळीच अंगणातल्या वाफ्यात ओतली!"

"वाफा द्या," हे म्हणाले.

झालं! हे तिथून रिकाम्या हाताने निघाले ते आमच्या शेजारच्या चष्मेवाल्याने पाहिलं. चष्मेवाल्याला जवळचं कमी दिसायचं, पण दुसऱ्याच्या घरातलं लांबूनही स्पष्ट. रात्रीपर्यंत रस्ताभर झालं, की सोनार बुडाला! घरचे गालिचे परत मागतोय! माती परत मागतोय, माती!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात रांग. सगळी दुरुस्तीला टाकलेल्या दागिन्यांची गिऱ्हाइकं.

"माझी साखळी द्या."

"अजून जोडलेली नाही."

"तुटकीच द्या!"

"माझ्या अंगठीचा खडा बसवलात का?"

"आज बसवतो."

"नको! खडा वेगळा द्या, अंगठी वेगळी द्या!"

एक बाई तर नुसती डुगडुगत्या खुर्चीवर बसून राहिली. तिचं काही टाकलेलं नव्हतं, पण दुकान बुडत असेल तर खुर्ची तरी मिळावी म्हणून! मी पडद्याआडून पाहत होते. हे एकेकाला वस्तू काढून देत होते. या दुकानात होतं काय? कपाट, आरसा आणि लोकांचा विश्वास. यांच्या वडिलांपासूनचा! तो माझ्या एका धुण्याने वाहून चालला होता. मला वाटलं, आता आपण टपाल कचेरीत परत गेलेलं बरं.

ते सासूबाईंना सहन झालं नाही. गुडघा विसरून त्या रस्त्याकडेच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि गरजल्या, "कोण म्हणतं आम्ही बुडालो? अहो, आमच्या पायपुसण्यातसुद्धा सोनं असतं! माझ्या सुनेने आश्रमाला सोन्याने भरलेला गालिचा दिलाय, आणि मी सोन्याने भरलेली माती! तुमच्यापैकी कुणी दिली आहे का?"

मग सगळी रांग वळली आणि आश्रमाकडे धावत सुटली! पाठोपाठ आम्ही. आणि आमच्या पाठोपाठ, नेमका तेव्हाच आलेला भट्टीवाला, डोक्यावर सोनं वितळवायची मूस आणि काखेत भाता घेऊन, "अहो, दुकान कुठलं?" असं विचारत.

आश्रमात बातमी आमच्याआधी पोचली होती. हेडमास्तर काठी आडवी धरून गालिच्यापुढे उभे. "खबरदार! कुणी पाय ठेवायचा नाही!" आज्या भिंतीला चिकटून उभ्या, आणि ज्यांनी काल त्यावर पाय पसरले होते, त्या एकमेकींचे तळवे तपासत होत्या.

शेवटी हेडमास्तरांनी निकाल दिला. गालिचा जळेल तो इथेच, सगळ्यांसमक्ष. आणि बदल्यात दुकानातला नवा निळा गालिचा आश्रमाला द्यायचा! माझ्या जिवावर आलं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

अंगणात विटा रचल्या. गालिचा जळाला, त्या वासाने अर्धी रांग घरी गेली. भट्टीवाल्याने राख मुशीत भरली, सोनं सुटं व्हावं म्हणून टाकणखार टाकला, भाता मारला. मग मूस ओतली. सगळे वाकून बघू लागले. तळाशी काय निघालं? मोहरीएवढा दाणा!

चष्मेवाल्याने दोन चष्मे एकावर एक लावले. "दिसत नाही," तो म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साबण कुठला वापरलात?" एका आजीने कौतुकाने विचारलं.

मग वाफा उकरला. आज्यांनी चमचे आणले, हेडमास्तरांनी माती मोजून आखून दिली. बादल्यांतून माती खळबळून गाळ काढला, गाळ भट्टीत गेला. या वेळी मुशीतून निघाली चांगली वाटाण्याएवढी पिवळीजर्द गोळी! अंगणात टाळ्या पडल्या.

"बघा, माझ्या कुंड्या!" सासूबाई म्हणाल्या.

"बघा, माझं पाणी!" मी म्हणाले.

यांनी गोळी तळहातावर तोलली. यांचा तळहात काट्यापेक्षा अचूक. चेहरा उतरला. "थोडं कमी पडतंय."

आश्रमाच्या बाई म्हणाल्या, "असू द्या हो. पुढच्या थंडीपर्यंत..." आणि एक आजी नेमकी तेव्हाच शिंकली.

त्या शिंकेनंतर कुणाच्या मनात काय आलं सांगता येत नाही, पण एकेक करत सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळल्या. दाढीमामांच्या दाढीवर!

"नाही हां!" दाढीमामा मागे सरकले. "मी रोज विंचरतो!"

"रोज?" यांनी विचारलं.

"म्हणजे... वरवर," दाढीमामा म्हणाले. "आतून ओढल्यावर दुखतं हो, मालक!"

आजी पुन्हा शिंकली. दाढीमामांनी आकाशाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खुर्चीवर बसले. हेडमास्तरांनी कात्री आणली. आज्यांनी खाली चादर धरली. इतक्या हळुवारपणे मी कुणाची दाढी कापलेली पाहिली नाही! दाढी भट्टीत गेली आणि मुशीतून जे निघालं, ते गालिच्यापेक्षा मोठं होतं! अख्ख्या गालिच्यापेक्षा! दाढीखाली दाढीमामांना चक्क हनुवटी निघाली, आणि हनुवटीवर खळी. आज्या बराच वेळ ती खळीच बघत होत्या.

थंडीच्या आधी बॉयलर बसला. दुकानात तुटक्या साखळ्या परत आल्या, खुर्चीवाली बाईसुद्धा एक अंगठी करून गेली. बॉयलर होऊन दाढीतला एक कण उरला, तो बाईंनी यांच्या हातावर ठेवला: "सूनबाईंना काहीतरी करा." यांनी त्याची नाकातली इवलीशी चमकी केली. देताना काही बोलतील म्हणून मी थांबले.

"हं," हे म्हणाले. पण कसं म्हणाले, ते माझं मला माहीत.

सासूबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सूनबाई नाकात दाढी घालून फिरते!"

बॉयलरच्या पहिल्या गरम पाण्याच्या दिवशी आज्यांनी मला बोलावलं. न्हाऊन गुलाबी झालेल्या आज्यांबरोबर मी त्या निळ्या गुबगुबीत गालिच्यावर बसले, गप्पा मारल्या, पोट धरधरून हसले. घरी येऊन आरशात पाहिलं तर नाक रिकामं! चमकी गालिच्यात पडली होती.

"आता परत मागायला कोण जाणार?" मी यांना विचारलं.

हे घाईघाईने फुंकणी फुंकू लागले.

मी गेले नाही. सांगितलं ना, दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा माझा जन्माचा नियम आहे! ती चमकी मी आश्रमाला दिली असंच समजते.

तशी एकदा फाटकापर्यंत गेले होते म्हणा. पण हेडमास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते, काठी आडवी धरून!